विहार विकला, हिशोब कुठे आहे?

शहरांतल्या आपल्या वस्त्या उठत आहेत. कुठे चाळींचा पुनर्विकास, कुठे झोपडपट्टी पुनर्वसन, कुठे रस्तारुंदीकरण, कुठे मेट्रो. घरे उठतात तसे विहारही उठतात. घराच्या बदल्यात घर मिळाले का, यासाठी आपण मोर्चे काढतो. विहाराच्या बदल्यात विहार मिळाला का, आणि मधल्या पैशाचे काय झाले, हे मात्र आपण फक्त कुजबुजत विचारतो. जयंतीच्या मंडपामागे, मयताच्या घरी, लग्नाच्या पंगतीत. ती कुजबुज मला या लेखात जाहीरपणे मांडायची आहे.

माझे म्हणणे थोडक्यात असे. विहार विकून आलेला पैसा हा कमिटीकडे आलेला ‘निधी’ नसतो. तो विहारच असतो, फक्त काही काळ विटांच्या जागी नोटांच्या रूपात असतो. त्या काळात त्याला जितकी राखण लागते तितकी एरवी कधीच लागत नाही. आणि नेमके तेव्हाच आपण ‘आपलीच माणसे आहेत’ म्हणून डोळे मिटतो.

मी ज्या भागात सामाजिक काम करते तिथल्या एका विहाराची हकिगत सांगते. नाव-गाव देत नाही. प्रकरण धर्मादाय कार्यालयात आहे. शिवाय नाव दिले तर वाचणारा म्हणेल, ‘ते लोक तसलेच.’ मला म्हणायचे आहे ते नेमके उलट आहे.

सत्तरच्या दशकात कारखान्यातल्या हेल्परांनी, झाडूवाल्यांनी आणि बिगारी बायकांनी वर्गणी काढून दोन गुंठे जागा घेतली. आधी पत्र्याची शेड, मग हॉल, मग वर पोरांसाठी अभ्यासिका. दारात बोधिवृक्ष. ट्रस्ट रीतसर नोंदवलेला. पुढे शहर वाढले, समोरचा रस्ता मोठा झाला, जागेला भाव आला. आजूबाजूच्या चाळी पुनर्विकासात गेल्या. नव्या इमारतींचा मेंटेनन्स परवडेना, म्हणून अर्धीअधिक कुटुंबे शहराबाहेर चौदा-पंधरा किलोमीटरवर राहायला गेली. रविवारच्या वंदनेला दहा-बारा म्हातारी माणसे उरली. तेव्हा ठरले की जुनी जागा विकायची आणि समाज जिथे राहायला गेला तिथे मोठा विहार बांधायचा.

हा निर्णय चूक नव्हता. विहार माणसांसाठी असतो. माणसे गेली तर विहाराने त्यांच्यामागे जावे. नुकसान झाले ते पुढच्या चार पायऱ्यांवर.

पहिली पायरी. ट्रस्टच्या नोंदीत सात विश्वस्तांची नावे होती. त्यातले पाच वारलेले. नवे पदाधिकारी दर दोन-तीन वर्षांनी टाळ्यांच्या गजरात निवडले जात होते, पण बदल अर्ज कोणी कधी दाखलच केला नाही. कायद्याने तो ९० दिवसांत द्यायचा असतो. त्यामुळे बँकेच्या दृष्टीने ट्रस्टचे खाते चालवायला अधिकृत माणूसच नव्हता. मग ‘सोयीसाठी’ तीन पदाधिकाऱ्यांच्या नावे संयुक्त खाते उघडले आणि बिल्डरचा इसार त्यात जमा झाला. समाजाचा पैसा पहिल्याच दिवशी तीन माणसांचा खाजगी पैसा झाला, तोही कोणाच्या मनात काही पाप नसताना.

दुसरी पायरी. एकाच बिल्डरशी बोलणी झाली, एकच भाव ठरला. जाहिरात नाही, सरकारमान्य मूल्यांकन नाही. करारनामा करून जागेचा ताबाही दिला. ‘चॅरिटीची परवानगी नंतर काढू, वकील बघतोय.’ महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ३६ प्रमाणे ट्रस्टची स्थावर मालमत्ता विकायला, अदलाबदल करायला किंवा बक्षीस द्यायला धर्मादाय आयुक्तांची मंजुरी आधी घ्यावी लागते. आता बिल्डर म्हणतो, परवानगी आणा, उरलेले पैसे देतो. परवानगी मागायला गेले की कार्यालय विचारते, विश्वस्त कोण, मूल्यांकन कुठे, ताबा कसा दिला? हॉल पाडला गेला, अभ्यासिका गेली, आणि अर्धी रक्कम अजून हवेत आहे.

तिसरी पायरी. नवी जागा शेतजमीन होती. शेतकरी नसलेल्याला ती परवानगीशिवाय घेता येत नाही. ट्रस्ट शेतकरी नव्हता, पण अध्यक्षांचे गावाकडे खाते होते. मग जमीन अध्यक्षांच्या नावे घेतली आणि ‘नंतर ट्रस्टच्या नावावर करू’ असे ठरले. त्या ठरावाची नोंद इतिवृत्तात एका ओळीची आहे. पुढे अध्यक्ष वारले. सातबाऱ्यावर वारसनोंद झाली. आज तिथे त्यांच्या दोन मुलांची आणि मुलीची नावे आहेत. मुलगी म्हणते जागा समाजाची आहे. मोठा मुलगा म्हणतो, वडिलांनी काय विकत घेतले आणि काय नाही ते मला कागदावर दाखवा. रागावून काय उपयोग? कागद त्याच्या बाजूने बोलतो. दुसऱ्याच्या नावे घेतलेल्या मालमत्तेवर हक्क सांगायला गेलो तर बेनामी व्यवहारांचा कायदाही आडवा येऊ शकतो.

चौथी पायरी. उरलेल्या रकमेतून पायाभरणीचा मोठा कार्यक्रम झाला. मंडप, साउंड, पाहुण्यांच्या गाड्या, दोन वेळचे जेवण, कमानी. बुद्धमूर्तीची ऑर्डर आगाऊ देऊन झाली. आर्किटेक्ट, दलाल, वकील यांचे वेगळे. बांधकाम जोत्यापर्यंत आले आणि थांबले. मूर्ती आजही एका कार्यकर्त्याच्या घरी कापडात गुंडाळून ठेवली आहे.

लोकांनी मला कागद वाचायला बोलावले तेव्हा त्या दिवंगत अध्यक्षांची वही मी पानोपान पाहिली. दोन खोल्यांत आयुष्य काढलेला माणूस. रिक्षाभाडे, झेरॉक्स, चहा, सगळे तारखेसह लिहिलेले. त्यांनी एक रुपया घरी नेला असे मला दिसले नाही. म्हणूनच ही हकिगत मला महत्त्वाची वाटते. चोर असता तर आपण चोराला शिव्या देऊन मोकळे झालो असतो. इथे प्रामाणिक माणसाच्या हातून समाजाची जागा गेली. प्रामाणिकपणा हा गुण आहे. ती व्यवस्था नाही.

महिला मंडळाच्या एका आजींनी पत्र्याच्या पेटीतून जुन्या पावत्या काढून दाखवल्या. पाच रुपये, अकरा रुपये, एक्कावन्न रुपये. त्या म्हणाल्या, “कुणी पैसे खाल्ले आसं म्या म्हणत नाय, ताई. पण माझा विहार कुठंय ते कुणी सांगंल का नाय?” या प्रश्नाला उत्तर देईल असा एकही कागद त्या फायलीत नव्हता.

असे का होते? जुन्या वस्तीत विहाराची राखण कायद्याने होत नव्हती, शेजारधर्माने होत होती. बुद्धपौर्णिमेनंतर दानपेटी सगळ्यांसमोर उघडायची. सिमेंटच्या गोण्या किती आल्या हे समोरच्या ओट्यावर बसलेल्या बाया मोजायच्या. खजिनदाराच्या घरी नवा टीव्ही आला तर गल्लीला कळायचे. समाजशास्त्रात याला अनौपचारिक नियंत्रण म्हणतात. आपल्याकडे त्याला ‘चार लोक काय म्हणतील’ म्हणतात. वस्ती हीच ऑडिटर होती. स्थलांतरात नेमका हा ऑडिटर विखुरतो. चार माणसे चार दिशांना, कोणी सातव्या मजल्यावर, कोणी दुसऱ्या तालुक्यात. आणि विहाराच्या आयुष्यातली सर्वांत मोठी रक्कम येते ती नेमकी याच वेळी. एरवी वर्षाला काही हजारांचा व्यवहार करणाऱ्या कमिटीच्या हातात एकदम लाखो रुपये पडतात आणि पाहणारे डोळे मात्र नसतात. म्हणून जुनी सवय पुरत नाही. शेजाऱ्याच्या डोळ्यांची जागा कागदाने घ्यावी लागते.

काही जण म्हणतात, धम्मात हिशोब आणि कायदा कशाला आणता, धम्म श्रद्धेवर चालतो. अशांनी विनयपिटक उघडून पाहावे. चुल्लवग्गात शयनासनाच्या प्रकरणात संघाच्या पाच प्रकारच्या वस्तू सांगितल्या आहेत ज्या कोणालाही देऊन टाकता येत नाहीत. पहिल्या दोन प्रकारांत आराम आणि आरामाची जागा, विहार आणि विहाराची जागा येते. पुढे खाट, गादी, उशी, धातूची भांडी, कुऱ्हाड-कुदळ, अगदी बांबू, गवत आणि मातीपर्यंत यादी जाते. नियम असा की संघाने, गटाने किंवा एका व्यक्तीने त्या देऊ नयेत. दिल्या तरी त्या दिल्या गेल्या असे धरायचे नाही. आणि देणाऱ्याला थुल्लच्चय म्हणजे गंभीर दोष लागतो. नीट लक्ष द्या. एक व्यक्ती नाही, गट नाही, आणि पूर्ण संघसुद्धा नाही. बहुमताने हात वर केले म्हणून विहार त्या बहुमताच्या मालकीचा होत नाही. कारण तो आज हजर असलेल्यांचा नाही, उद्या येणाऱ्यांचाही आहे.

आपले ट्रस्ट भिक्खूसंघाचे नाहीत, उपासकांचे आहेत. त्यामुळे स्थलांतर करूच नये असा अर्थ मी काढत नाही. पण या नियमाचा गाभा आपल्याला लागू आहे: विहाराच्या बदल्यात विहारच उभा राहिला पाहिजे, मध्ये काहीही गळता कामा नये.

महावग्गात संघाच्या भांडारासाठी भांडागारिक नेमायला सांगितले आहे. त्याला पाच गुण हवेत. तो लोभाने, द्वेषाने, मोहाने किंवा भयाने वाकणारा नसावा, आणि काय सुरक्षित ठेवले आहे, काय नाही, हे त्याला माहीत असावे. आणि त्याची नेमणूक संघापुढे ठराव मांडून करायची. पाचवा गुण पुन्हा वाचा. चार गुण चारित्र्याचे आहेत, पाचवा माहितीचा. चारित्र्य असून माहिती नसेल तर तो भांडागारिक होऊ शकत नाही. त्या दिवंगत अध्यक्षांकडे पहिले चार होते.

बाबासाहेबांबद्दल वेगळे सांगायला हवे का? रुपयाच्या प्रश्नावर आणि प्रांतिक वित्तव्यवस्थेवर ग्रंथ लिहिणारा हा माणूस. १५ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात नवदीक्षितांपुढे बोलताना त्यांनी प्रत्येकाने उत्पन्नाचा विसावा हिस्सा धम्मकार्याला द्यावा असे सांगितले. आणि ३० मे १९४९ ला संविधान सभेत बोलताना त्यांनी देशाच्या महालेखापरीक्षकाला संविधानातला बहुधा सर्वांत महत्त्वाचा अधिकारी म्हटले, त्याचे काम न्यायसंस्थेपेक्षाही मोलाचे मानले. सरकारच्या प्रत्येक पैशावर परक्या डोळ्याची नजर हवी असे ज्यांनी सांगितले, त्यांच्या नावाच्या ट्रस्टमध्ये ‘हिशोब मागणे म्हणजे अविश्वास’ हे वाक्य ऐकू यावे, याहून मोठा विरोधाभास कोणता? त्याच वर्षी २५ नोव्हेंबरच्या भाषणात त्यांनी राजकारणातल्या व्यक्तिपूजेचा धोका सांगितला. विहाराच्या कमिटीतली व्यक्तिपूजा त्याच जातीची आहे.

आता हरकतींकडे येते, कारण हा लेख वाचून त्या येणारच.

पहिली हरकत: आपले धुणे चव्हाट्यावर का? विरोधकांच्या हाती कोलीत मिळेल. मित्रांनो, कोलीत मिळते ते अर्धवट जोत्यामुळे, हिशोबामुळे नाही. आपण २०२५ मध्ये बोधगयेच्या महाबोधी महाविहारासाठी देशभर आंदोलन केले. १९४९ च्या कायद्याने तिथल्या समितीत बौद्धांना पूर्ण अधिकार नाही, तो मिळालाच पाहिजे, ही मागणी न्याय्य आहे आणि मी स्वतः त्यासाठी रस्त्यावर उतरले आहे. पण जगातल्या बौद्धांचे सर्वांत मोठे स्थळ आमच्या ताब्यात द्या म्हणताना, दोन गुंठ्यांचा विहार आम्ही चोख सांभाळतो हे दाखवता आले तर त्या मागणीला दुप्पट वजन येईल.

दुसरी हरकत: कार्यकर्त्यांनी पदरमोड केली, रात्री जागवल्या, आता त्यांनाच आरोपी करता? नाही. कागद हा कार्यकर्त्याचा शत्रू नाही, त्याचे चिलखत आहे. त्या अध्यक्षांच्या मुलीला आज समाजात मान खाली घालावी लागते. जमीन पहिल्या दिवसापासून ट्रस्टच्या नावे असती, पैसा ट्रस्टच्या खात्यात असता, तर त्यांच्या नावाने आज अभ्यासिका चालली असती.

तिसरी हरकत: धर्मादाय कार्यालय म्हणजे सरकार. तिथे खेटे, तारखा, चिरीमिरी. आपल्या विहारात त्यांना कशाला घुसवायचे? विलंब होतो हे खरे आहे. पण कलम ३६ खाली मंजुरी मागताना विक्रीची गरज काय, त्यात ट्रस्टचे हित काय, हे लिहून द्यावे लागते आणि तज्ज्ञाचा मूल्यांकन अहवाल जोडावा लागतो. म्हणजे जे प्रश्न आपण सभेत विचारायला हवे होते तेच तिथे विचारले जातात. फसवून किंवा महत्त्वाची माहिती दडवून मंजुरी मिळवली असेल तर ती रद्दही होऊ शकते. बिल्डरला घाई असते, समाजाला नसते. त्याची घाई आपण आपल्या अंगावर का घ्यायची?

आणि उशिरा जागे होण्याची किंमत आपण पाहिली आहे. २५ जून २०१६ च्या पहाटे दादरचे आंबेडकर भवन आणि बुद्धभूषण प्रेस पाडला गेला. १९ जुलैला मुंबईत प्रचंड मोर्चा निघाला. त्या वादात कोणाची बाजू किती खरी, यात मी इथे जात नाही. तो विक्रीचा मामलाही नव्हता. पण एक गोष्ट तिथेही दिसली: समाजाच्या वास्तूबद्दल काय ठरते आहे हे बहुसंख्य समाजाला कळले ते बुलडोझर येऊन गेल्यावर. बुलडोझरनंतरचा मोर्चा मोठा असतो, बुलडोझरआधीची सभा लहान असते. आपल्याला ती लहान सभा मोठी करायची आहे.

त्यासाठी तरुणांनी आपापल्या विहारात पुढील गोष्टी आताच कराव्यात, विक्रीचा विषय निघण्याआधी.

१. धर्मादाय कार्यालयातून आपल्या ट्रस्टचा परिशिष्ट एकचा उतारा काढा. त्यावर विश्वस्त कोण आहेत आणि कोणती मालमत्ता नोंदली आहे ते पाहा. वारलेल्यांची नावे असतील तर बदल अर्ज हे पहिले काम. ट्रस्टच नोंदलेला नसेल तर त्याही आधी नोंदणी.

२. विक्रीचा ठराव फक्त कमिटीत नाही, सर्वसाधारण सभेत करा. स्थलांतरित कुटुंबांना लेखी नोटीस द्या, सभा त्यांना येता येईल अशा दिवशी घ्या. महिला मंडळाच्या सह्या वेगळ्या घ्या. वर्गणी त्यांनी गोळा केलेली असते.

३. मूल्यांकन आणि जाहीर निविदा आधी, मग मंजुरी, मग करार, मग पूर्ण रक्कम, आणि सर्वांत शेवटी ताबा. हा क्रम कोणीही उलटा करू लागला की तिथेच उभे राहून विचारा, का?

४. प्रत्येक रुपया ट्रस्टच्या खात्यात. बांधकाम सुरू होईपर्यंत तो बँकेत मुदत ठेवीत राहू द्या. ट्रस्टचा पैसा कुठे गुंतवायचा हे कलम ३५ ने ठरवून दिले आहे. कोणाच्या ‘ओळखीच्या’ पतपेढीत किंवा स्कीममध्ये नाही.

५. नवी जागा ट्रस्टच्याच नावे होणार नसेल तर ती जागा घेऊ नका, कितीही स्वस्त असो.

६. कार्यक्रमाचा खर्च विक्रीच्या पैशातून करायचा नाही. पायाभरणीला मंडप हवा असेल तर त्याची वर्गणी वेगळी काढा.

७. दर तीन महिन्यांनी जमा-खर्च आणि बँकेचे विवरण फलकावर आणि व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाका. वार्षिक लेखापरीक्षण वेगळे. ते कायद्याने करायचेच आहे आणि अनियमित खर्च दाखवून देणे हे लेखापरीक्षकाचे कर्तव्य आहे.

आणि पाणी डोक्यावरून गेलेच असेल, तर हितसंबंधित व्यक्ती म्हणून लेखी तक्रार करा. कलम ४१ब खाली चौकशी होऊ शकते, ४१ड खाली विश्वस्तांना निलंबित किंवा दूर करता येते. पण तक्रार कागदावर करा, फेसबुकवर नाही. फेसबुकवर माणसांची बदनामी होते, जागा परत येत नाही.

आपल्या आई-आज्यांनी विहारासाठी दान दिले तेव्हा पावती मागितली आणि जपून ठेवली. ज्यांना सही येत नव्हती त्यांनीसुद्धा. हिशोबाची ही रीत आपल्याला कोणत्याही कायद्याने शिकवलेली नाही, ती आपल्याच घरातली आहे. त्यांनी एकेक रुपयाची पावती घेऊन विहार उभा केला. तो विकताना लाखांची पावती मागायला आपण लाजायचे कारण नाही.

पुढच्या रविवारी वंदना झाल्यावर उठून एवढेच विचारा: आपल्या ट्रस्टचे विश्वस्त आज कागदावर कोण आहेत? उत्तर मिळाले तर छान. नाही मिळाले तर कामाला लागा.

जय भीम! नमो बुद्धाय!